अण्णांचं बीपी मशीन: दीड वर्षाच्या वापरानंतरचा रिव्ह्यू (आणि गोळ्या कशा बदलल्या ते)

दंडाला पट्टा बांधायचं साधं डिजिटल बीपी मशीन, २३०० रुपयांना घेतलेलं, त्यावर मोठा पट्टा वेगळा ७०० चा. कंपनीचं नाव देत नाहीये कारण याच धर्तीची चार-पाच कंपन्यांची मशीन मिळतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे. घरात शुगरचा पेशंट असेल आणि बीपीच्या गोळ्यापण चालू असतील तर हा रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचा, लांब झालाय पण मला हे दीड वर्षापूर्वी कोणी सांगितलं असतं तर अण्णा बाथरूमच्या दारात पडले नसते.

आधी पेशंटबद्दल. आमचे अण्णा ६८ वर्षांचे, इचलकरंजीत, आयुष्यभर मागावर जॉबर म्हणून काम केलेलं. शुगर निघून १६ वर्षं झाली, बीपी ९ वर्षं. शुगरला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीला अम्लोडिपिन ५ आणि अटेनोलॉल ५० एकत्र असलेली एकच गोळी, ती ९ वर्षं तशीच चालू होती, कोणी हात लावला नव्हता कारण "कंट्रोलमध्ये आहे" असं सगळे म्हणायचे. मी पुण्यात असते, महिन्यातून एकदा जाते.

तर झालं असं की एका दवाखान्यात त्यांचं बीपी १७२/९४ आलं. कसं मोजलं ते आईने मला फोनवर सांगितलं, दोन जिने चढून गेले, तासभर बाकावर बसले, लघवीला लागलेली तशीच दाबून ठेवली कारण नंबर जाईल, मग आत गेल्या गेल्या शर्टाच्या बाहीवरच पट्टा गुंडाळला आणि मोजताना डॉक्टर विचारतायत आणि अण्णा बोलतायत. एका आकड्यावर अम्लोडिपिन अजून ५ वाढवली, म्हणजे दिवसाला १०. पंधरा दिवसात दोन्ही घोटे सुजले, चप्पल जाईना पायात. आणि सकाळी उठलं की "भवंड येतीय", म्हणजे चक्कर येतीय, म्हणायला लागले. आम्हाला वाटलं शुगर कमी होत असेल, आई साखर-पाणी द्यायची. एका पहाटे लघवीला उठले ते बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले. हाड मोडलं नाही, कोपर सोलवटलं, पण मला त्या दिवशी कळलं की आपल्याला यांच्या बीपीबद्दल काही म्हणजे काहीच माहिती नाही, वर्षातून चार आकडे आणि तेही असे घेतलेले.

आता मशीन. पहिल्यांदा मनगटाचं घेतलं होतं, दिसायला छोटं, स्वस्त, वापरायला सोपं वाटतं. अण्णांच्या बाबतीत ते अजिबात जमलं नाही, हात मांडीवर असला तर एक आकडा, छातीजवळ धरला तर दुसरा, दोन्हींत २० चा फरक. मनगट हृदयाच्या पातळीला नेमकं धरलं पाहिजे, वयस्कर माणसाला रोज ते सांभाळणं अवघड आहे. ते परत केलं आणि दंडाचं घेतलं. घेताना मी एकच गोष्ट बघितली, ते मॉडेल तपासून प्रमाणित केलेलं आहे का. स्ट्राइड बीपी नावाची यादी नेटवर फुकट बघता येते, त्यात कंपनी आणि मॉडेल नंबर टाकून शोधता येतं. ब्लूटूथ, ॲप, रंगीत स्क्रीन यातलं काही नसलं तरी चालेल, पण मॉडेल त्या यादीत असावं. आमच्या मशीनमध्ये बोलून आकडा सांगायची सोयपण आहे, तिचा अण्णांना उपयोग नाही, ४० वर्षं मागाच्या खडखडाटात गेली, कान गेलेत. आकडे मात्र मोठे आणि काळेभोर दिसतात, चष्मा नसला तरी वाचतात, ते फार कामाचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, पट्टा. मशीनसोबत जो पट्टा येतो तो २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी. अण्णांचा दंड मी शिंप्याच्या टेपने मोजला, ३४. लहान पट्टा घट्ट बसतो आणि बीपी खोटं जास्त दाखवतो, हे मी वाचलं होतं पण फरक किती असेल याची कल्पना नव्हती. २२ ते ४२ चा मोठा पट्टा मागवला आणि एकाच सकाळी पाच पाच मिनिटांच्या अंतराने आलटून पालटून मोजलं. लहान पट्ट्याने १५८ च्या आसपास, मोठ्याने १४६. बारा आकड्यांचा फरक! त्या बारावर एक गोळी वाढू शकते. म्हणून सांगते, मशीनची किंमत बघायच्या आधी टेप घ्या आणि खांदा आणि कोपराच्या बरोबर मधोमध दंड मोजा. दुकानदार हे विचारत नाही, ऑनलाइनला तर प्रश्नच नाही.

मोजायची पद्धत शिकायला आम्हाला आठवडा लागला. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर म्हणजे पट्टा छातीच्या पातळीला येतो, पट्टा उघड्या दंडावर, आधी लघवीला जाऊन यायचं आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही (अण्णांची चिमूट हा वेगळा विषय आहे, आता दिवसातून दोनदावर आलीय, बंद नाही झाली). मोजताना बोलायचं नाही हे त्यांना सगळ्यात जड गेलं, पट्टा फुगायला लागला की हमखास "बघ बघ आवळायला लागला" म्हणायचे आणि आकडा वर जायचा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी गोळ्या घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी जेवायच्या आधी. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं घेतलं, उजव्या हाताचं जास्त आलं, तेव्हापासून कायम उजवाच. असं सात दिवस करायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्या सहा दिवसांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर ते वाढलेलं बीपी धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० च्या तोडीचं. आणि शुगरवाल्यांना डॉक्टर साधारण १३०/८० च्या खाली ठेवायला बघतात, जर माणसाला सोसत असेल तर. हे "सोसत असेल तर" आमच्या बाबतीत फार मोठं निघालं.

अण्णांची सरासरी आली १४७/८३. म्हणजे १७२ नव्हतं, पण नॉर्मलही नव्हतं. मी वही घेऊन त्यांना कोल्हापुरात एका फिजिशियन मॅडमकडे नेलं, आणि पहिल्यांदाच असं झालं की डॉक्टरांनी स्वतःचा आकडा घ्यायच्या आधी वही उघडून वाचली. मग त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला कोणीच कधी सांगितली नव्हती. अण्णांना पाच मिनिटं आडवं झोपवलं, बीपी घेतलं, मग उभं केलं आणि एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घेतलं. झोपून १४८/८४, उभं राहून १२१/७२. अण्णांनी टेबलाची कड धरली, "हेच, हेच भवंड" म्हणाले. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते दखल घेण्यासारखं असतं, यांचा तर २७ ने पडला. जुन्या शुगरमध्ये जशा पायाच्या नसा बधिर होतात तशाच बीपी सांभाळणाऱ्या नसाही कमजोर होतात, उभं राहिल्यावर पायातल्या रक्तवाहिन्या पटकन आवळल्या जात नाहीत आणि डोक्याला रक्त कमी पडतं. म्हणजे पहाटे पडले ती शुगर नव्हती. आणि आम्ही साखर-पाणी देत होतो.

मॅडमनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या होत्या, सगळ्या म्हणजे सगळ्या, दुखण्याच्या, पोटाच्या, आयुर्वेदिक. त्या पिशवीत टॅमसुलोसिन निघाली, लघवीची धार बारीक झाली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी दिलेली. ती गोळी प्रोस्टेटसाठी, पण तिनेही उभं राहिल्यावरचं बीपी पडू शकतं. ती अण्णा सकाळी बीपीच्या गोळीबरोबरच घेत होते. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, कोणी एकमेकांची बघितली नाही, आम्हीही दाखवली नाही. ती रात्री झोपताना घ्यायला सांगितली, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारूनच.

मग तपासण्या. आतापर्यंत अण्णांची लघवीची साधी तपासणी व्हायची, त्यात प्रोटीन "निल" यायचं आणि आम्ही निवांत. मॅडमनी यूरीन एसीआर सांगितली, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण. ३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० म्हणजे किडनीची गाळणी झिरपायला लागलीय, ३०० च्या वर म्हणजे बरीच. अण्णांची १८०. साध्या पट्टीच्या तपासणीत ही सुरुवात बऱ्याचदा दिसतच नाही. रक्तातलं क्रिएटिनिन १.३, कागदावर जेमतेम बरं दिसतं, पण वय धरून हिशोब केला तर किडनीच्या कामाचा आकडा (ईजीएफआर) साधारण ६० पर्यंत उतरलेला. १६ वर्षं शुगर असलेल्या माणसाची ही तपासणी दरवर्षी व्हायला पाहिजे होती, टाइप २ मध्ये तर शुगर निघाल्याच्या दिवसापासूनच. आमची पहिली होती. तुमच्या घरात कोणाची झाली नसेल तर उद्या करा, बाकी रिव्ह्यू नंतर वाचा.

आणि इथून गोळीची निवड बदलली. आधी माझ्या डोक्यात होतं की बीपीची गोळी म्हणजे बीपी कमी करणारी गोळी, कोणतीही एकच. तसं नाहीये. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर टेल्मिसार्टन, लोसार्टन या "सार्टन" घराण्यातल्या किंवा रॅमिप्रिल, एनालाप्रिल या "प्रिल" घराण्यातल्या गोळ्या आधी बघतात, कारण त्या गाळणीच्या आतला दाब कमी करतात, नुसत्या दंडातला नाही. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनचे मोठे अभ्यास आले ते शुगरमुळे किडनी खराब झालेल्या लोकांवरच होते आणि किडनी खचण्याचा वेग त्यात कमी झालेला दिसला. प्रिलने काही जणांना कोरडा खोकला लागतो, आपल्याकडच्या लोकांना जरा जास्तच, आमच्या आत्याला महिनोन्महिने खोकल्याची औषधं चालू होती आणि शेवटी दोषी बीपीची गोळी निघाली. म्हणून अण्णांना टेल्मिसार्टन ४०. दोन्ही घराण्यांतली एकेक गोळी एकत्र द्यायची नाही, २००८ च्या ऑनटार्गेट अभ्यासात टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र देऊन बघितल्या, फायदा वाढला नाही आणि चक्कर, किडनीचा त्रास हे मात्र वाढलं. (गरोदर बाईला यातली कुठलीच चालत नाही, बाळाला अपाय होतो, घरात कोणी तरुण पेशंट असेल तर हे लक्षात ठेवा.)

अम्लोडिपिन परत ५ वर आणली. घोट्याची सूज ही त्या गोळीची जुनी खोड आहे, डोस वाढला की वाढते, आणि ती पाणी साचल्याची सूज नसल्यामुळे लघवीच्या गोळीने (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणाऱ्या) फारशी उतरत नाही. डोस कमी झाला आणि टेल्मिसार्टन सोबत आली तशी तीन आठवड्यांत सूज गेली.

अटेनोलॉल हळूहळू बंद केली, आधी अर्धी आणि मग बंद, एकदम नाही, कारण एकदम थांबवली तर नाडी पळते आणि छातीत दुखू शकतं. ती बंद करायचं कारण मला फार पटलं. अण्णा ग्लिमेपिराइड घेतात, त्याने शुगर खाली जाऊ शकते, आणि शुगर पडली की धडधड आणि थरथर होते ती धोक्याची घंटा असते. अटेनोलॉलसारखी गोळी ती धडधड दाबून टाकते. घाम तेवढा येतो. अण्णांना मधे दोनदा नुसताच दरदरून घाम आलेला, आम्ही उन्हाळा म्हणून सोडून दिलं होतं! अटेनोलॉल वाईट गोळी आहे असं मी म्हणत नाही, बऱ्याच हार्टवाल्यांना त्या जातीची गोळी लागते. इंग्लंडमध्ये शुगरवाल्यांवर एक मोठा अभ्यास झाला, यूकेपीडीएस, १९९८ मध्ये त्याचे बीपीचे निकाल आले, त्यात कॅप्टोप्रिल आणि अटेनोलॉल दोन्ही वापरल्या होत्या आणि दोन्ही साधारण सारख्याच ठरल्या. त्यातला आकडा मला कायम लक्षात राहील, एका गटाचं बीपी सरासरी १५४/८७ आणि दुसऱ्याचं १४४/८२, फक्त दहाचा फरक, आणि तेवढ्यावर लकवा ४४ टक्क्यांनी कमी. तेव्हा बीपी उतरणं महत्त्वाचंच, पण या माणसाला, या किडनीला, या बाकीच्या गोळ्यांसोबत कुठली गोळी, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कोणीतरी बसून सोडवावा लागतो.

टेल्मिसार्टन चालू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत. क्रिएटिनिन १.३ चं १.५ झालं, मी घाबरले, पुण्यात ऑफिसमध्ये बसून रिपोर्ट बघून हातपाय गार पडले. मॅडम म्हणाल्या गाळणीतला दाब कमी झाल्यावर सुरुवातीला थोडं वाढतंच, ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर गोळी बंद करत नाहीत, लक्ष ठेवतात. पुढे ते तिथेच थांबलं. पोटॅशियम ४.६ वरून ५.० झालं. आणि मग त्यांनी विचारलं, मीठ कुठलं वापरता? मी मोठ्या प्रेमाने "लो सोडियम" मीठ आणून ठेवलं होतं, बीपीला चांगलं म्हणून. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि किडनी कमजोर, त्यात टेल्मिसार्टन, म्हणजे पोटॅशियम वाढायला रस्ता मोकळा. ज्यांची किडनी ठणठणीत आहे त्यांना ते मीठ चालतं, अण्णांना नाही. पुन्हा साधं मीठ आलं पण मोजून, दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. इचलकरंजीच्या घरात हे किती अवघड आहे ते तिथल्यांनाच कळेल, खर्डा, लोणचं, पापड, वर भडंग. आईने खर्ड्यात मीठ निम्मं केलं आणि लिंबू वाढवलं, अण्णा पंधरा दिवस कुरकुरले आणि मग विसरले.

आता मशीनने खरी कमाल कुठे केली ते सांगते. गोळ्या बसल्या, वहीत १३२, १३०, १३४ असं चाललेलं, आणि अचानक चार दिवस १५० च्या वर. मी फोनवर विचारलं काय झालं, मीठ, झोप, भांडण, सगळं विचारलं, काही नाही. शेवटी आई म्हणाली गुडघा दुखतोय म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणलीय. डायक्लोफिनॅक! या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या बीपी चढवतात, आणि टेल्मिसार्टन चालू असताना किडनीवर दुहेरी ताण येतो, त्यात लघवीची गोळी पण असेल तर तिहेरी. बंद केली, मॅडमना विचारून पॅरासिटामॉल आणि शेक, आठवड्यात आकडे खाली. वही नसती तर पुढच्या व्हिजिटला "बीपी वाढलंय" म्हणून अजून एक गोळी चढली असती एवढं नक्की.

आईचं पण सांगायला पाहिजे. मशीन घरात आलं आणि तिला मोजायचा नाद लागला, तिचं बीपी नॉर्मल आहे तरी दिवसातून आठ-दहा वेळा, एकदा १४० आलं की घाबरून परत मोजायची मग १५० यायचं. तिला सांगितलं महिन्यातून एकदा. आणि एका रात्री अण्णांचं १७८ आलं तेव्हा शेजारच्यांना उठवून रिक्षा बोलावली होती, नंतर कळलं अण्णा आत्ताच कोणाशी तरी फोनवर चढ्या आवाजात बोलून बसलेले, अर्ध्या तासाने १४१. तर नुसता आकडा मोठा दिसला तर शांत बसवून पाच मिनिटांनी परत मोजायचं, घाईने जास्तीची गोळी किंवा जिभेखालची गोळी स्वतःच्या मनाने द्यायची नाही. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, बोबडं बोलतायत, एका बाजूचा हात उचलत नाही असं काही असेल तर मशीन शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि १८०/१२० च्या वर दोनदा आलं तर त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय.

मशीनच्या तक्रारी आहेत, त्या पण लिहिते. सोबतचं पुस्तक इंग्रजी आणि हिंदीत, अक्षर मुंगीएवढं, मराठीत एक पान नाही, मी स्वतः मराठीत लिहून मशीनच्या डब्यात ठेवलं. मेमरी ६० रीडिंगची पण एकाच माणसाची, आईचे आणि अण्णांचे आकडे मिसळले, म्हणून वही हवीच, दोन माणसं मोजणार असतील तर दोघांची वेगळी मेमरी असलेलं घ्या. सेल काढले की तारीख-वेळ पुसली जाते. सेल उतरत आले की पट्टा अर्धवट फुगून एरर येतो आणि अण्णांना वाटतं बीपीच सापडत नाही. १४ महिन्यांनी रबरी नळी पट्ट्याजवळ चिरली, वॉरंटीत पट्टा येत नाही म्हणाले, कस्टमर केअरला चार फोन केल्यावर नवीन विकतच घ्यावा लागला. याचा मला राग आहे, पट्टा हा या मशीनचा जीव आहे आणि तोच वॉरंटीबाहेर. नाडी अनियमित असेल तर एक हृदयाचं चिन्ह लुकलुकतं, ते एकदा आलं, ईसीजी काढला, काही निघालं नाही, पण वारंवार येत असेल तर दुर्लक्ष करू नका, आणि ज्यांची नाडी कायमची अनियमित आहे त्यांच्यात असली मशीन चुकू शकतात. वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून बघतो, आमचं ३-४ आकड्यांच्या आत आलं.

गोळ्यांचा खर्च म्हणाल तर तो कमीच झाला. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन दोन्ही जनऔषधी केंद्रातून आणतो, ही योजना २००८ पासूनची आहे पण आमच्या घरात "स्वस्त म्हणजे कमी ताकदीची" हा समज होता. वहीने तोही प्रश्न सोडवला, ब्रँडवाली गोळी असतानाची आणि जेनेरिक चालू केल्यावरची सरासरी सारखीच आली. बिल निम्म्याच्याही खाली. फक्त पाकिटावरचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही चिठ्ठीशी जुळवून घ्या, टेल्मिसार्टन नुसती आणि लघवीच्या गोळीसोबतची अशा दोन्ही मिळतात, पाकिटं सारखीच दिसतात. नंतर शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन पण आली, ती शुगरसोबत किडनीलाही सांभाळते, बीपी पण दोन-चार आकडे उतरवते, आणि २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून परवडते. ती आल्यावर ग्लिमेपिराइड अर्धी झाली. तिच्यामुळे लघवीतून साखर जाते म्हणून खाजगी जागेची स्वच्छता आणि पाणी पिणं याकडे लक्ष द्यावं लागतं. आणि उलट्या-जुलाब झाले, खाणं-पिणं बंद झालं तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन आणि टेल्मिसार्टन यांचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या तिन्ही तशाच चालू ठेवणं किडनीला महागात पडू शकतं. आमच्याकडे मॅडमनी लिहूनच दिलंय.

डोळ्यांचा पडदा आणि पाय पण त्याच महिन्यात तपासले. पडद्यावर सुरुवातीचे ठिपके आहेत, लेझर लागलं नाही, दरवर्षी बघायचं. पायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवून विचारतात कळतंय का, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, अण्णांना डाव्या अंगठ्याला कळलंच नाही. तेव्हापासून अनवाणी चालणं बंद आणि रोज रात्री आई पाय बघते, बोटांच्या बेचक्यातसुद्धा.

सध्याचा आकडा: टेल्मिसार्टन ८० (४० ची पुढे वाढवली) आणि अम्लोडिपिन ५ वर बसून सरासरी १३१/७६, उभं राहून १२०/७१. मॅडमना विचारलं १३० च्या खाली न्यायला अजून काही द्यायचं का, त्या म्हणाल्या उभं राहिल्यावरचा आकडा बघा, याच्याखाली ढकलून यांना परत पाडायचं नाहीये. एसीआर १८० वरून ७० वर आली. अण्णा आता उठताना आधी पलंगावर पाय सोडून दोन मिनिटं बसतात मग उभे राहतात, पडले नाहीत परत. हे डोस अण्णांचे आहेत, तुमच्या माणसाचे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे, कृपया इथून गोळी उचलू नका, तपासण्यांची नावं उचला आणि डॉक्टरांना विचारा.

मशीनला पाचपैकी चार. पट्ट्याच्या वॉरंटीसाठी एक कापला. वहीत आम्ही पाच रकाने आखतो, तारीख, वेळ, बसून, उभं राहून, आणि शेवटचा "नवीन काय घेतलं". तो शेवटचा रकाना अण्णा स्वतः भरतात, काल त्यात लिहिलं होतं "लग्नात जेवलो, मठ्ठा तीन वाट्या", आकडा १३९.